दोन वर्षांचा हिशेब : स्नूकरविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मार्क विल्यम्सवर चार ओळी लिहिल्या होत्या. वेल्सचा हा डावखुरा खेळाडू २०२५ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला, आणि २०१७ मध्ये त्याच स्पर्धेच्या मुख्य फेरीत त्याला जागासुद्धा मिळाली नव्हती, एवढंच. त्यावर पत्रं आली. क्रिकेटवर लिहिलं असतं तर पोतंभर आली असती. ही मोजकी, पण खेळ बघणाऱ्यांची. मी काही पंडित नाही. मुंबईच्या एका जिमखान्यात मार्कर म्हणून लागलो, मेंबर लोकांचे गुण बोर्डावर सरकवत खेळ शिकलो, आता पोरांना शिकवतो. टेबलाच्या कडेला उभं राहून जे दिसलं त्याच्या जिवावर बोलतो.

मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. राज्य स्पर्धेत ज्युनियर गटात उपांत्य फेरीपर्यंत गेला. म्हणतो, कॉलेज नको, दोन वर्षं द्या, इंग्लंडला जाऊन प्रोफेशनल होतो. दोन वर्षं पुरतील का? द्यावीत का? — एक वडील, नाशिक

दोन वर्षं हा आकडा मुलाला कुणी दिला ठाऊक नाही, पण तो या धंद्यात आहेच. फक्त तो प्रोफेशनल होईपर्यंतचा नाही, झाल्यानंतरचा आहे.

हे जरा नीट समजून घ्या, कारण स्नूकर खेळाडूचे निम्मे चढउतार इथूनच निघतात. जागतिक टूरवर साधारण १२८ खेळाडू असतात. नव्यानं येणाऱ्याला दोन मोसमांचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा परवाना, मिळतं आणि त्याचं खातं शून्यावर उघडतं. क्रमवारी आता सरळ बक्षिसाच्या रकमेवर लागते: मागच्या दोन वर्षांत रँकिंग स्पर्धांमध्ये किती पौंड कमावले, त्यावर तुमचा नंबर. कार्डाची मुदत संपताना पहिल्या चौसष्टांत असलात तर राहिलात. नसलात, तर एका वर्षाच्या कमाईवर मोजक्या जणांना मिळणारी संधी सोडल्यास घरी. मग पुन्हा क्यू स्कूल, म्हणजे कार्ड मिळवायच्या पात्रता स्पर्धा. तिथे शंभरावर खेळाडू, सामने सात फ्रेमचे, म्हणजे डावांचे, आणि एका स्पर्धेतून कार्ड मिळणार ते फक्त उपांत्य फेरी गाठणाऱ्या चौघांना. तिथे मुलाच्या समोर येणारा माणूस कदाचित दहा वर्षं टूरवर खेळून नुकताच बाहेर पडलेला असेल. तो काही सौजन्य दाखवायला आलेला नसतो.

आणि एकदा कमावलेलं खात्यात राहत नाही. या ऑक्टोबरात एखाद्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली, तर ते पौंड दोन वर्षांनी यादीतून वजा होतात. माणूस तसाच खेळतोय, ना चांगला ना वाईट, आणि एका सकाळी यादी बघतो तर पंधरा-वीस जागा खाली. लोक म्हणतात फॉर्म गेला. फॉर्म आहे तिथेच असतो, जुना महिना गळालेला असतो.

आपल्या मुंबईच्या आदित्य मेहताचं बघा. जन्म १९८५ चा. २०१२ मध्ये आशियाई विजेता झाला. २०१३ च्या ऑक्टोबरात दिल्लीला इंडियन ओपन झाली, तिच्या अंतिम फेरीत पोचला. रँकिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत जाणारा पहिला भारतीय. तिथे चीनच्या डिंग जुनहुईनं त्याला ५-० नं उडवलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारण त्या मोसमात डिंगनं पाच रँकिंग स्पर्धा जिंकल्या, समोर येईल त्याला तो उडवतच होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत फ्युर्थच्या स्पर्धेत आदित्यनं एकाच खेपेत १४७ गुण केले. पंधरा लाल, प्रत्येक लालवर काळा, मग सगळे रंग, एकही चूक नाही. प्रोफेशनल स्पर्धेत हे करणारा पहिला भारतीय तोच. वाचणाऱ्याला वाटेल, आता काय, गाडी सुटली. पण दोन वर्षांनी दिल्लीचे पौंड यादीतून गळाले, त्यांच्या जागी तेवढे आले नाहीत, आणि पुढे कार्डही गेलं. वर मानेचं दुखणं निघालं. स्नूकरमध्ये मान हा हातापेक्षा जास्त झिजणारा अवयव आहे. कंबरेत वाकायचं, हनुवटी क्यूला, म्हणजे मारायच्या काठीला, टेकवायची आणि त्याच वेळी मान मागे मोडून टेबलाच्या पलीकडचं टोक बघायचं, असं दिवसाला पाच-सहा तास. मुलाला म्हणावं आतापासून मान-पाठीचा व्यायाम कर. ऐकणार नाही, तरी म्हणा.

दुसरी गोष्ट कापडाची. जुलैत आमच्या पार्लरमधलं टेबल दमटपणानं जड होतं. चेंडू कुशनवरून मेल्यासारखा परत येतो, पोरं जोर लावून मारायला शिकतात. टूरवरची टेबलं खालून गरम ठेवलेली असतात आणि कापड पातळ, पळणारं. २०१५ मध्ये इंडियन ओपन मुंबईत झाली, वेल्सच्या मायकेल व्हाइटनं जिंकली. तेव्हा मी सामन्यांपेक्षा सराव बघत बसलो होतो. ती माणसं क्यूला नुसता धक्का देत होती आणि पांढरा, म्हणजे क्यूनं मारायचा चेंडू, टेबलभर फिरून जागेवर येऊन थांबत होता. माझ्या शेजारी बसलेला एक चांगला क्लब खेळाडू म्हणाला, हा वेगळाच खेळ आहे. तो आज विमा कंपनीत आहे आणि रविवारी खेळतो, मजेत आहे. पॉटिंग, म्हणजे चेंडू भोकात घालणं, आपल्या पोरांना येतं. पण पळणाऱ्या कापडावर पांढरा थोपवायचा अंदाज तिथे राहूनच बसतो, आणि बसेपर्यंत कार्डाचं पहिलं वर्ष निघून जातं. शून्यावरचं खातं शून्याजवळच राहतं.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बाप म्हणून तेच मनात असणार. पूर्वी पहिल्या फेरीत हरलं की हातात काही पडत नसे. २०२२-२३ च्या मोसमापासून वर्षाला वीस हजार पौंडांची हमी आली. रुपयांत ऐकायला वीस लाखांच्या वर. पण ती बक्षिसातूनच वळती होणारी उचल आहे. शेफिल्ड किंवा लेस्टरजवळची खोली, क्लबच्या टेबलाचं भाडं, चीनच्या वाऱ्या, हॉटेलं सगळी त्यातूनच. उरत काही नाही.

तर माझं मत. बारावी पूर्ण करू द्या, पुढे एक्स्टर्नल का होईना, डिग्रीला नाव घाला. राष्ट्रीय स्पर्धेत सीनियर गटात त्याला दोन-तीन मोसम मार खाऊ द्या. क्यू स्कूलसाठी लगेच इंग्लंड गाठायची गरज नाही, आशियासाठीची बँकॉकला होते, खर्च निम्म्याच्या आत. आणि त्याआधी घरबसल्या एक परीक्षा घ्या. त्याच्या क्लबवर जा, कोपऱ्यात बसा. पंधरा लाल मधोमध एका ओळीत मांडून लाल-रंग-लाल करत जायचा सराव असतो, लाइन-अप म्हणतात, तो करायला सांगा. किती पॉट केले ते मोजू नका. चुकल्यावर तो काय करतो ते बघा. पोरगं पुन्हा पंधराच्या पंधरा मांडून पहिल्यापासून सुरू करत असेल, आणि तेही कुणी बघत नाही असं समजून, तर मला पुन्हा पत्र टाका. चुकलेला चेंडू हातानं भोकात सारून पुढे जात असेल, तर डिग्रीवर भर द्या.

नव्वदच्या दशकात केबलवर स्टीफन हेन्ड्री बघून स्नूकरचं वेड लागलं. सात वेळा जगज्जेता! मग असा कसा विझला? व्यसन होतं का काही? — एक वाचक, सातारा

व्यसनबिसन काही नाही. हात अडकला.

हेन्ड्री म्हणजे काय होतं हे नव्या पोरांना सांगावं लागतं. १९९० मध्ये एकविसाव्या वर्षी जगज्जेता, आजही सर्वांत लहान वयाचा तोच. १९९९ पर्यंत सात जगज्जेतेपदं. त्याच्या आधी लोक लाल एकेक करून सोडवत, सेफ्टी खेळत, म्हणजे समोरच्याला पॉट मिळू नये असा पांढरा ठेवत, वाट बघत. हा निळा पॉट करता करता पांढऱ्यानं लालांचा गठ्ठा फोडायचा आणि एकाच खेपेत फ्रेम संपवायचा. आज जगातलं प्रत्येक पोरगं असंच खेळतं.

आता हात अडकणं म्हणजे काय ते जवळून सांगतो, कारण हे मी आमच्या क्लबातही पाहिलंय, आणि ते बघवत नाही. शॉट घेताना क्यू मागे येते, क्षणभर थांबते आणि पुढे सरळ सुटते. चेंडूवर आदळल्यावरही ती वीतभर पुढे जायला हवी. या सुटण्यात विचार नसतो, मनगट आपोआप ते करतं. एके दिवशी, कशामुळे ते कुणालाच कळत नाही, मागे आलेली क्यू पुढे सोडताना डोकं मध्ये पडतं. कोपर आखडतं, हात अर्ध्यावर ब्रेक लावतो, पांढऱ्याला फिरक मिळत नाही. इंग्रज त्याला यिप्स म्हणतात, गोल्फवाल्यांनाही होतो. सोप्या शॉटला जास्त होतो, कारण अवघड शॉटला विचार करायला फुरसत नसते. हेन्ड्रीनं स्वतः पुढे सांगितलं की शेवटची कित्येक वर्षं तो हे घेऊन खेळत होता. क्यू त्याच्या हातून जाईचना.

त्यात ती क्यूही गेली. पोरवयात घेतलेली, चाळीस पौंडांची, साधीच. तिच्यावर त्यानं सातही जगज्जेतेपदं जिंकली आणि २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली. (माझे काही विद्यार्थी पन्नास हजारांची क्यू घेऊन येतात आणि विचारतात, सर, टिप कुठली लावू. मी त्यांना हा किस्सा सांगतो. ऐकून घेतात आणि टिप कुठली ते पुन्हा विचारतात.) क्यू मोडली म्हणून हेन्ड्री संपला असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. दुखणं त्याआधीचं होतं.

गंमत अशी की क्रमवारीला हे दिसलंच नाही. २००५ च्या माल्टा कपनंतर त्यानं एकही रँकिंग स्पर्धा जिंकली नाही, आणि तरी २००६ मध्ये तो पुन्हा जगात पहिला क्रमांक झाला! तेव्हा रकमेचा नाही, गुणांचा हिशेब होता, पण तोही मागच्या दोन मोसमांचाच. म्हणजे कागदावर शिखर आणि हातात काही नाही. वर नाशिकच्या वडिलांना जे सांगितलं, त्याची ही दुसरी बाजू.

२०११ मध्ये तो पहिल्या सोळांतून बाहेर गेला, तेवीस वर्षांत पहिल्यांदा. त्यामुळे २०१२ ला शेफिल्डच्या क्रुसिबलला, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीला, येण्यासाठी त्याला पात्रता फेरी खेळावी लागली. आला, आणि पहिल्याच सामन्यात स्टुअर्ट बिंगहॅमविरुद्ध १४७ केले. दुसऱ्या फेरीत त्या वेळच्या जगज्जेत्या जॉन हिगिन्सला १३-४ नं हरवलं. सगळ्यांना वाटलं, परत आला. उपांत्यपूर्व फेरीत स्टीफन मॅग्वायरनं त्याला १३-२ नं हरवलं आणि त्यानं तिथेच सांगून टाकलं, संपलं. ते त्यानं काही महिने आधीच ठरवलेलं होतं, १४७ झाले तेव्हाही. पुढे बऱ्याच वर्षांनी निमंत्रणाचं कार्ड घेऊन तो पुन्हा खेळायला उतरला, पण त्यावर न बोललेलं बरं.

इथल्या पबात अजून जिमी व्हाइटचं नाव निघालं की म्हातारे हळहळतात. सहा वेळा अंतिम फेरीत हरला. याला दुर्दैवच म्हणायचं ना? — लेस्टरमधल्या एक वाचक, मूळच्या ठाण्याच्या

ताई, दुर्दैव एकदा होतं. १९९४.

बाकीचं बघा. १९८४ मध्ये पहिल्या दिवसअखेर स्टीव्ह डेव्हिसच्या १२-४ मागे होता, तिथून १८-१६ पर्यंत आणलं. ते धाडस, दुर्दैव नव्हे. १९९० ला हेन्ड्रीकडून, १९९१ ला जॉन पॅरटकडून सरळ हरला. १९९२ मध्ये हेन्ड्रीविरुद्ध १४-८ पुढे होता आणि तिथून ओळीनं दहा फ्रेम गमावल्या. तुमच्या पबातल्यांना विचारा, त्या दहांत किती वेळा सेफ्टी खेळायची सोडून त्यानं लांबचा लाल मारायला घेतला. १९९३ ला १८-५, त्यावर बोलायचंच काय.

१९९४ चा पराभव मात्र गिळवत नाही. १७-१७. निर्णायक फ्रेम, आणि तो दिवस २ मे, त्याचा बत्तिसावा वाढदिवस. व्हाइट फ्रेममध्ये पुढे, टेबलावर लाल मोकळे, काळा त्याच्या जागेवर. हा काळा त्यानं आयुष्यात हजारो वेळा घातलेला. क्यू जराशी घाईनं गेली, काळा भोकाच्या जबड्यात खडखडला आणि बाहेर राहिला. हेन्ड्री खुर्चीतून उठला आणि ५८ करून फ्रेम संपवून गेला. मी ते नंतर टेपवर पाहिलं. व्हाइटच्या चेहऱ्यापेक्षा मला हेन्ड्रीचे पाय लक्षात राहिले. तो टेबलाकडे रमतगमत नाही, नेहमीच्याच चालीनं आला.

पण हळहळणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ज्यांनी त्याला हरवलं त्यांतल्या पॅरटचं नाव आज इंग्लंडबाहेर फार कुणाला आठवत नाही, आणि व्हाइट साठी उलटल्यावरही ज्या हॉलमध्ये शिरतो तिथे लोक उभे राहतात. ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धा त्यानं जिंकल्यात. साठीनंतरही निमंत्रणाच्या कार्डावर टूरवर खेळला. त्याला तुम्ही बिचारा म्हणालात तर तो बहुतेक हसेल आणि ऑर्डर कुणाच्या नावावर ते विचारेल.

वय सेहेचाळीस. रोज रात्री जिमखान्यात दोन तास. हल्ली पलीकडच्या टोकाचा लाल धूसर दिसतो, चष्मा घातला तर फ्रेमची कड आडवी येते. या वयात खेळ सुधारतो का, की आता उतारच? — डोंबिवली

आधी चष्म्याचं, कारण ते सुटण्यासारखं आहे. वाकल्यावर आपण भिंगाच्या मधून बघत नाही, वरच्या कडेतून बघतो. साध्या चष्म्यात तिथे फ्रेम येते, किंवा भिंगाचा नंबर तिथे बरोबर लागत नाही. १९८५ ची डेव्हिस-टेलर अंतिम फेरी पाहिली असेल, शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्यावर डेनिस टेलरनं जिंकलेली. त्याचा तो भलामोठा, उलटा बसवल्यासारखा चष्मा आठवतो? ती फॅशन नव्हती. भिंगं कपाळापर्यंत वर न्यायची, म्हणजे वाकल्यावरही नजर त्यांच्या मध्यातून जाते. चष्मेवाल्याकडे क्यू घेऊन जा, त्याच्या काउंटरवर वाका आणि म्हणा, इथून बघणार आहे, इथे मध्य आण. तो आधी वेड्यात काढेल, मग करून देईल. प्रोग्रेसिव्ह भिंग मात्र या कामाला घेऊ नका.

उताराचं म्हणाल तर स्टुअर्ट बिंगहॅमचं ऐका. १९९५ ला प्रोफेशनल झाला. २००० मध्ये क्रुसिबलच्या पहिल्याच खेपेला गतविजेत्या हेन्ड्रीला हरवलं, आणि मग काहीच नाही. पहिली रँकिंग स्पर्धा जिंकली २०११ मध्ये, ऑस्ट्रेलियात. मधली वर्षं नुसतं टिकून राहायचं: कधी एक सामना जिंकायचा, कधी तोही नाही, यादीत कुठेतरी मध्यावर. आणि २०१५ मध्ये अडतिसाव्या वर्षी जगज्जेता. वाटेत रॉनी ओसुलिव्हन, उपांत्य फेरीत जड ट्रम्प १७-१६, अंतिम फेरीत शॉन मर्फी १८-१५. तीन लाख पौंड. वीस वर्षं चढच नव्हता, मग उतार कुठून मोजणार?

आणि विल्यम्स, ज्याच्यावरून ही पत्रं आली. २००० आणि २००३ ला जगज्जेता, पुढे काही वर्षांतच पहिल्या सोळांबाहेर. २०१७ मध्ये पात्रता फेरीतच हरला आणि खेळ सोडायचं मनात आणलं. बायकोनं ते होऊ दिलं नाही. तो म्हणतो ते खरं असेल तर तिला तो दिवसभर घरात नको होता. मग त्यानं एक केलं, जे बेचाळिशीच्या माणसाला फार जड जातं: उभं कसं राहायचं, डोळे रेषेवर कसे आणायचे, हे पहिल्यापासून दुसऱ्याकडून शिकून घेतलं. दोनदा जगज्जेता झालेल्या माणसानं. पुढच्याच मोसमात दोन रँकिंग स्पर्धा, आणि २०१८ च्या मे महिन्यात तिसरं जगज्जेतेपद. हिगिन्सविरुद्ध १४-७ पुढे होता, १५-१५ झालं. १७-१५ असताना किताबाचाच गुलाबी चुकला, हिगिन्सनं ती फ्रेम काढली. पुढच्या फ्रेमला लगेच एका खेपेत ६९ गुण, १८-१६. जिंकलो तर पत्रकार परिषदेला कपड्यांशिवाय येईन म्हणाला होता, आणि टॉवेल गुंडाळून आला!

तुमचं उत्तर असं: पॉटिंग आता वाढणार नाही. सेफ्टी वाढेल, खूप वाढेल. जिमखान्यात रात्री खेळणारे नव्वद टक्के लोक सेफ्टीचा सराव कधीच करत नाहीत. दोन तासांतला अर्धा तास नुसतं पांढरा बॉक कुशनला, म्हणजे पहिला शॉट मारतो त्या टोकाच्या कडेला, चिकटवायला द्या. दोन महिन्यांत पार्टनर लोक कुरकुरायला लागतील.

सर, पंकज अडवाणी एवढा मोठा, तर प्रोफेशनल टूर सोडून परत का आला? हरला म्हणून का? मी एकोणीस वर्षांचा, सेकंड इयरला. — कोल्हापूर

नाही रे. पुण्यात जन्मलेला, बंगळूरुत वाढलेला हा माणूस २०१२ मध्ये टूरवर गेला. पहिल्याच मोसमात वेल्श ओपनची उपांत्यपूर्व फेरी गाठली, तोवर कुणाही भारतीयाला रँकिंग स्पर्धेत ते जमलं नव्हतं. २०१४ मध्ये कार्ड स्वतःहून सोडलं. त्याला बिलियर्ड्सही खेळायचं होतं आणि घरी राहायचं होतं. दोन्ही खेळांत मिळून त्याची जागतिक विजेतेपदं पंचवीसच्या वर आहेत. टूरवर राहिला असता तर कदाचित जगात विसावा-पंचविसावा झाला असता आणि शेफिल्डच्या थंडीत एकटा जेवला असता. जे सोडलं ते त्यानं पूर्ण हिशेब करून सोडलं, असं मला वाटतं. तू त्याच्या सोडण्याचा विचार करू नकोस. त्याच्या जुन्या सामन्यांत तो पांढरा चेंडू किती कमी हलवतो ते बघ.

मॅच फिक्सिंगमध्ये बंदी भोगलेला झाओ शिनतोंग थेट जगज्जेता. खेळाची ही थट्टा नाही का? — एक निवृत्त शिक्षक, अमरावती

गुरुजी, तुमचा राग समजतो. आधी नेमकं काय झालं ते मांडतो. २०२३ मध्ये चीनच्या दहा खेळाडूंवर कारवाई झाली. त्यांतले दोघे, लिआंग वेनबो आणि ली हांग, कायमचे बाद. झाओनं स्वतः सामना सोडला नव्हता, पण दुसऱ्याच्या फिक्सिंगमध्ये त्याचा हात होता आणि त्यानं सामन्यांवर पैजाही लावल्या होत्या. त्याला वीस महिने. तेव्हा तो यूके चॅम्पियनशिप आणि जर्मन मास्टर्स जिंकलेला, पंचविशीतला, चीनचा पुढचा मोठा खेळाडू. अंतिम निकालात दोघांना आजन्म बंदी आणि याला वीस महिने, हा फरक मला पटतो. तुम्हाला पटला नाही तरी मी वाद घालणार नाही. मोठी माणसं लहान पोरांना यात ओढतात, आणि ओढणाऱ्याला जास्त शिक्षा व्हायला हवी.

थट्टेचं म्हणाल तर परत येताना त्याला कुणी दार उघडून दिलं नाही. कार्ड गेलेलं, खातं कोरं. २०२५ च्या जागतिक स्पर्धेत तो हौशी खेळाडू म्हणून उतरला. आधी पात्रता फेरीचे चार सामने, मग क्रुसिबलचे पाच. उपांत्य फेरीत ओसुलिव्हनला १७-७, अंतिम फेरीत आपल्या विल्यम्सला १८-१२. हौशी म्हणून येऊन ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला. बक्षीस पाच लाख पौंड, आणि त्या एका रकमेवर तो थेट पहिल्या सोळांत जाऊन बसला.

तिथे तो टिकतो का ते २०२७ च्या मे महिन्यात बघा. ते पाच लाख तेव्हा यादीतून निघतात.